थंडीत गाडी गरम करण्याचे रिमोट : गरज किती, खर्च किती?

नोव्हेंबर सरला की यवतमाळ जिल्ह्यात पहाटेची थंडी जाणवू लागते. आठवडी बाजाराला माल घेऊन निघणारे कापडवाले, भांडीवाले, बांगड्यांचे व्यापारी, भाजी-फळांचे आडते आणि जिनिंगकडे कापूस वाहणारे गाडीवाले यांची धावपळ नेमकी याच दिवसांत असते. फजरची नमाज आटोपून माणूस गाडीकडे येतो, सेल्फ मारतो आणि गाडी नुसतीच कण्हते. दुसरा सेल्फ, तिसरा सेल्फ, मग धक्का. बाजारात जागा धरायची वेळ निघून जाते आणि दिवसाची कमाई अर्ध्यावर येते. म्हणूनच आपल्याकडे कित्येक जण रात्री गाडी उतारावर लावून ठेवतात.

या अडचणीवर उपाय म्हणून 'रिमोट स्टार्टर' नावाचे उपकरण विकले जाते. घरात बसून बटण दाबावे, अंगणातली गाडी आपोआप सुरू व्हावी आणि चहा होईपर्यंत इंजिन गरम व्हावे, असा त्याचा उपयोग सांगतात. काही हजार रुपये खर्चून हे उपकरण पिकअपला किंवा जीपला बसवावे काय, असा प्रश्न काही व्यापारी बांधवांनी आमच्याकडे केला आहे. उपकरण बसवून देणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांनाही हा धंदा करावा की नाही, हे ठरवायचे आहे. दोघांसाठी आम्ही येथे हिशेब मांडत आहोत.

हे उपकरण आले कोठून?

पूर्वी मोटारी हँडल मारून सुरू होत. विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम बसवून मिळू लागला. रिमोट स्टार्टर हा त्याच सेल्फचा पुढचा टप्पा. गाडीत एक छोटा रिसीव्हर आणि काही रिले बसवतात. रिमोटचा इशारा मिळाला की रिले चावी फिरवल्याप्रमाणे इग्निशनची लाइन चालू करतात, डिझेल गाडी असेल तर हीटर प्लग तापण्यापुरते थांबतात आणि मग सेल्फ फिरवतात. दहा-पंधरा मिनिटांत कोणी गाडीत बसले नाही तर इंजिन आपोआप बंद होते.

ही सोय वाढली ती कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात. तेथे जानेवारीत पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो. काचेवर बर्फाचा थर बसतो, तो वितळल्याशिवाय समोरचे दिसत नाही. तेथील लोक रात्रभर इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात, कारण नाहीतर सकाळी इंजिन फिरतच नाही. आपल्याच देशात लडाखकडे पाहा. कडाक्याच्या थंडीत साधे डिझेल तेथे घट्ट होते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. अशा मुलखात गाडी आधी गरम करणे ही चैन नव्हे, गरजच आहे.

आपली थंडी आणि तिकडची थंडी

यवतमाळ शहर पठारावर आहे, त्यामुळे थंडी बऱ्यापैकी पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, लाट आली तर त्याहीखाली उतरतो. माणसाला हुडहुडी भरायला एवढे पुरेसे आहे. पण इंजिनाच्या दृष्टीने ही थंडी फार सौम्य आहे. हे तीन गोष्टींवरून ताडून पाहू.

पहिली गोष्ट इंजिन ऑइल. डब्यावर १५-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा आहे. १५-डब्ल्यू ऑइल उणे २० अंशांत आणि २०-डब्ल्यू ऑइल उणे १५ अंशांत ठेवून ते इंजिन फिरू देते की नाही, याची कसोटी घेतलेली असते. आपल्या पहाटेपेक्षा ही कसोटी २५-३० अंशांनी कडक आहे. म्हणजे कंपनीने सांगितलेले ऑइल वेळेवर बदलले असेल, तर आपल्याकडच्या थंडीने ते घट्ट होऊन इंजिन अडत नाही.

दुसरी गोष्ट डिझेल. थंडीत डिझेलमधले मेण गोठू लागते आणि फिल्टर चोंदतो, हे खरे. पण भारतीय मानकानुसार हिवाळ्यात विकले जाणारे डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेले पाहिजे. आपली नेहमीची पहाट त्याच्या वरच असते.

तिसरी गोष्ट डीईएफ. नव्या मोठ्या गाड्यांत हे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते उणे ११ अंशांला गोठते. म्हणजे त्याचीही आपल्याला काळजी नाही.

मग आपली गाडी सकाळी अडते का? आमचे उत्तर असे की, दोष थंडीचा नसतो. दोष गाडीत आधीपासून असतो, थंडी तो उघड करते. रिमोट बसवल्याने तो दोष जात नाही. जो सेल्फ चावीने फिरत नाही, तो रिमोटनेही फिरणार नाही.

बॅटरी मरते मे महिन्यात, कळते डिसेंबरात

सकाळच्या अडचणींत सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा. विदर्भात मे महिन्यात पारा ४३ ते ४५ अंशांवर जातो, बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. या उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते, प्लेटी उघड्या पडतात, आतल्या जाळ्या गंजतात. बॅटरीचे खरे नुकसान तेव्हाच होते. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरत असल्यामुळे ते लक्षात येत नाही. थंडी आली की दोन गोष्टी एकदम घडतात. ऑइल थोडे जाड झाल्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो आणि त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते. पारा शून्यावर गेला तर चांगल्या बॅटरीचीही सुमारे पाचवा हिस्सा ताकद कमी होते. आपल्याकडे घट त्याहून कमी असते, पण आधीच अर्धमेल्या झालेल्या बॅटरीला तेवढीही पुरते.

याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ असेल तर ती अर्धीच आहे. १२ च्या खाली असेल तर रिकामी समजा. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी बदलण्याची वेळ आली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील तर दोष बॅटरीत नाही, डायनॅमोच्या चार्जिंगमध्ये आहे. त्या स्थितीत नवी बॅटरी घेतली तरी पैसे पाण्यात जातील. पाणी भरायचे झाल्यास डिस्टिल्ड वॉटरच भरावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालून बॅटरी बिघडवल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांना रोज दिसतात. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, घट्ट आवळून, वर ग्रीस लावावे. कधीकधी एवढ्यानेच काम होते.

येथे रिमोट घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचा रिसीव्हर रात्रंदिवस इशाऱ्याची वाट पाहत असतो आणि त्यासाठी थोडीथोडी वीज खात असतो. रोज धावणाऱ्या गाडीत हे जाणवत नाही. पण आठवड्यातून एकदा बाजाराला निघणाऱ्या गाडीची म्हातारी बॅटरी त्याने आणखी लवकर बसते.

हीटर प्लग, फिल्टर आणि हवा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबल्याने हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटते. इंजिन थंड असले की ही उष्णता सिलिंडरच्या भिंती पिऊन टाकतात. ती उणीव हीटर प्लग भरून काढतात. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचा दिवा लागतो, तो याचाच. तो विझेपर्यंत काही सेकंद थांबून मग सेल्फ मारायचा असतो. घाईत आपण चावी एकदम पुढे नेतो, इंजिन पेटत नाही आणि बॅटरीला दोष देतो.

थंड इंजिन सुरू झाल्यावर ते अडखळत असेल आणि पांढरा, डोळे झोंबवणारा धूर येत असेल, तर न जळलेले डिझेल बाहेर पडत आहे असे समजावे. एखादा प्लग गेलेला असण्याचा संभव मोठा. मिस्त्री मीटर लावून दहा मिनिटांत कोणता प्लग गेला ते सांगू शकतो. एक प्लग बदलण्याचा खर्च रिमोटच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ आहे.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचते, ते हिवाळ्याच्या तोंडी काढून टाकावे. गाडी रात्री नीट उभी राहून सकाळी फार वेळ सेल्फ घेत असेल, तर पाइपच्या सांध्यातून हवा शिरते आहे काय ते पाहावे. रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरते आणि सकाळी पंप नुसती हवा ओढतो. यावर उपाय क्लिप आणि वॉशर बदलणे हाच आहे.

इंजिन उभ्याउभ्या गरम करावे काय?

हा समज आपल्याकडे फार जुना आहे. गाडी सुरू करून दहा मिनिटे धुकधुकत ठेवली म्हणजे इंजिनाचे आयुष्य वाढते, असे अनेक ड्रायव्हर मानतात. जुन्या इंजिनांच्या काळात त्यात काही तथ्य होते. आजच्या इंजिनांत इंधनाचे प्रमाण कॉम्प्युटर ठरवतो. ऑइल वरपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. टर्बो असलेल्या गाडीत अर्धा मिनिट थांबावे, तेवढ्यात टर्बोलाही ऑइल मिळते. मग गाडी हलवावी आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर जोरात न दाबता चालवावी. ओझे ओढताना इंजिन जेवढे लवकर तापते, तेवढे उभे राहून तापत नाही. डिझेल इंजिन तर उभ्याउभ्या फारच सावकाश तापते. थंड सिलिंडरमध्ये अर्धवट जळलेले डिझेल भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ करते. म्हणजे इंजिन जपण्याच्या हेतूने केलेले काम इंजिनालाच बाधते.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. त्यांतल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आहे. तो साफ होण्यासाठी धुराचे तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर जावे लागते, आणि ते गाडी हायवेवर ओझ्याने चालली तरच जाते. रोज सकाळी गाडी उभी ठेवून धुकधुकवत राहिले तर काजळी साचत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. हा फिल्टर बदलायची वेळ आली तर त्यात एखादा छोटा व्यापारी महिनाभराची कमाई घालवून बसेल.

डिझेलचा हिशेबही पाहू. लहान पिकअपचे इंजिन तासभर उभ्याउभ्या चालले तर साधारण अर्धा ते पाऊण लिटर डिझेल खाते. मोठा ट्रक दोन-तीन लिटर खातो. हिवाळ्याचे ९० दिवस आणि रोज १० मिनिटे धरली, तर १५ तास होतात. तासाला ०.६ लिटरप्रमाणे ९ लिटर डिझेल झाले. लिटरला ९० रुपये धरले तर ८१० रुपये. तीन गाड्या असतील तर २,४३० रुपये. रक्कम डोळ्यांत भरण्याजोगी नाही, हे आम्ही कबूल करतो. पण ज्या पैशातून एक फेरीही झाली नाही, एक पोतेही हलले नाही, तो पैसा व्यर्थच गेला. गरज नसताना केलेला खर्च थोडा असला तरी त्याला इसराफ म्हणतात, आणि इसराफपासून आपल्याला रोखले आहे. शिवाय पहाटेच्या वेळी दाट मोहल्ल्यात दहा मिनिटे धूर आणि आवाज सोसतो तो शेजारी. त्याचाही आपल्यावर हक्क आहे.

सर्वांत मोठा धोका : गिअरमधली गाडी

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. कॅनडा-अमेरिकेतल्या बहुतेक मोटारी ऑटोमॅटिक गिअरच्या असतात. 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्ये असल्याशिवाय त्या सुरूच होत नाहीत. आपल्या पिकअप, जीप, छोट्या मालगाड्या जवळजवळ सगळ्या हाताच्या गिअरच्या आहेत. आणि आपली सवय काय? हँडब्रेकचा भरवसा नसतो, म्हणून गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये टाकून उभी करतो. उतारावर तर हमखास. अशा गाडीला साधा रिमोट बसवला आणि घरातून बटण दाबले, तर सेल्फच्या जोराने गाडी पुढे किंवा मागे उडी घेते. अंगणात पोरे खेळत असतात, बकऱ्या बांधलेल्या असतात, समोर कोणाची दुकानाची पाटी किंवा हातगाडी असते. घरात बसलेल्या मालकाला यातले काहीच दिसत नाही.

चांगल्या उपकरणात यासाठी सोय असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू असतानाच चावी काढायची आणि दार लावल्यावर रिमोटने बंद करायची. मध्ये कोणी दार उघडले तर रिमोटचा इशारा रद्द होतो. पण हे सर्व करायला न्यूट्रलची, हँडब्रेकची आणि दारांची वायर नीट जोडावी लागते. स्वस्तात काम उरकताना नेमक्या याच वायरी सोडल्या जातात.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी उभ्या केलेल्या वाहनात चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस असला पाहिजे. नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा चालक नसताना गाडी चुकून हलणार नाही असा बंदोबस्त केलेला असला पाहिजे. आपल्यातल्या बहुतेकांच्या गाड्या घरासमोरच्या रस्त्यावरच उभ्या असतात. तेथे आत माणूस नसताना इंजिन चालू ठेवणे म्हणजे अपघात झाल्यास सगळी जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेणे.

आणखी एक बाब चोरीची. नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. रिमोट बसवताना काही ठिकाणी दुसरी चावी डॅशबोर्डच्या आत लपवून ही अडचण टाळतात. म्हणजे चोरासाठी चावी आपणच गाडीत ठेवली. अशा गाडीच्या विम्याच्या दाव्यात आडकाठी येऊ शकते आणि वायरिंग कापलेले दिसले तर वॉरंटीही हातची जाऊ शकते.

बंद शेडमध्ये किंवा दुकानाच्या गाळ्यात गाडी ठेवणाऱ्यांनी तर हा विचारच करू नये. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. पेट्रोल गाडीत तो विशेष जास्त. शटर खाली असताना गाडी चालू राहिली तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

मग हे उपकरण कोणाच्या कामाचे?

ज्यांची मोटार ऑटोमॅटिक आहे आणि कंपनीनेच ही सोय दिलेली आहे, त्यांना ती वापरायला हरकत नाही. २०१९ मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूपासून मोबाइलवरून इंजिन सुरू करण्याची सोय आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या मोटारींतही मिळू लागली. पण आपल्या भागात तिचा खरा उपयोग हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात आहे. मे महिन्याच्या दुपारी यवतमाळहून नागपूरला आजारी माणसाला घेऊन जायचे असेल, तर तीन-चार मिनिटे आधी एसी सुरू केल्याने भट्टीसारखी तापलेली गाडी बसण्याजोगी होते. तेही स्वतःच्या आवारात, गाडी डोळ्यांसमोर असताना.

ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांना आमचे सांगणे असे. हाताच्या गिअरच्या गाडीला न्यूट्रल, हँडब्रेक, दार आणि बोनेट यांचे स्विच जोडल्याशिवाय रिमोट बसवू नये. बोनेटचा स्विच तर तुमच्याच बोटांसाठी आहे. फॅनबेल्टजवळ हात असताना मालकाच्या खिशातले बटण दाबले गेले तर काय होईल, याची कल्पना करावी. गिऱ्हाईक आग्रह धरत असेल तर आधी बॅटरी आणि हीटर प्लग तपासून द्यावेत, आणि दोष तेथेच सापडला तर तसे स्पष्ट सांगावे. सौद्यातला ऐब लपवू नये ही आपली शिकवण आहे. मोठे काम हातचे जाईल, पण ते गिऱ्हाईक आयुष्यभर दुसऱ्या दुकानात जाणार नाही. गिऱ्हाइकाची गाडी ही कारागिराजवळची अमानतच आहे.

व्यापारी बांधवांनी दिवाळीच्या सुमारास एक सकाळ काढून बॅटरी मोजून घ्यावी, हीटर प्लग तपासावेत, फिल्टरमधले पाणी काढावे, ऑइलची तारीख पाहावी आणि हँडब्रेक ओढून घ्यावा. रिमोटसाठी बाजूला काढलेले पैसे यातच लावले तरी त्यांतले काही उरतील. मग पहाटे गाडीत बसावे, वेटोळ्याचा दिवा विझू द्यावा, सेल्फ मारावा, अर्धा मिनिट थांबावे आणि बिस्मिल्लाह म्हणून हळू निघावे. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होईल आणि बाजारातली जागाही वेळेवर मिळेल. अल्लाह सर्वांच्या कमाईत बरकत देवो.